निवृत्तीनंतर सिंथेसायझर : यंत्र एक पुरे, कान तयार हवा

निवृत्तीनंतर एखादं वाद्य शिकायचं ठरवलं, की घरचे पेटी सुचवतात आणि मित्र बासरी. सिंथेसायझरचं नाव कोणी काढत नाही. ते पोरांचं किंवा डीजेवाल्यांचं काम, असा सरसकट समज आहे. तो सोडून द्यावा, आणि त्यामागचं कारण अगदी व्यावहारिक आहे. पेटीवर हात फिरायला वर्षं जातात, बासरीला दमसास लागतो, सतारीच्या तारेपुढे साठीतली बोटं कुरकुरतात. सिंथेसायझरवर झपाझप वाजवता येणं ही दुय्यम गोष्ट आहे. इथलं मुख्य काम आवाज घडवण्याचं : ऐकायचं, एक नॉब किंचित फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. त्याला निवांत वेळ लागतो आणि मुरलेला कान लागतो. आयुष्यभर आकाशवाणी, नाट्यसंगीत, भजनं आणि मैफली ऐकलेल्या माणसाकडे या दोन्ही गोष्टी असतात.

म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांमागे एकच धोरण आहे : यंत्रांवर खर्च कमी, कानावर मेहनत जास्त.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक की-बोर्डला ‘कॅसिओ’ म्हणतात. ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत दिसतो तो. त्यात व्हायोलिन, पियानो, ढोलक असे आवाज तयार भरलेले असतात. तुम्ही निवडता आणि वाजवता. सिंथेसायझरमध्ये आवाज तुम्ही स्वतः, कच्च्या मालापासून तयार करता. काही यंत्रांत दोन्ही सोयी असतात, पण छंद म्हणून मजा आहे ती दुसऱ्या कामात.

हे वाद्य आपल्याच वयाचं

रॉबर्ट मूग यांनी त्यांचा पहिला मॉड्युलर सिंथेसायझर अमेरिकेत १९६४ मध्ये तयार केला. म्हणजे आज साठी ओलांडलेला माणूस आणि हे वाद्य साधारण बरोबरीचे. टेबलावर मावणारा ‘मिनीमूग’ १९७० मध्ये आला. भारतही फार मागे नव्हता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग बसवून स्टुडिओ उभा केला. तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर यांच्यासारख्यांनी केलेले प्रयोग टेपवर पडून होते. ते २०२३ मध्ये अल्बमरूपात बाहेर आले. मुंबईच्या सिनेसंगीतात मूग आणणाऱ्यांत केरसी लॉर्ड यांचं नाव अग्रभागी आहे.

नवशिक्यांनी ऐकावाच असा एक अल्बम मुंबईतच झाला आहे. सिनेसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं – ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ – जोडून १९८२ मध्ये दहा रागांचा ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम काढला. तेव्हा तो फारसा चालला नाही. पुढे शिकागोत याच टीबी-३०३ मधून ‘अ‍ॅसिड हाऊस’ नावाचा प्रकार जन्मला. २०१० मध्ये चरणजितजींचा अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा हे सगळं मुंबईत आधीच होऊन गेलंय हे पाहून परदेशी श्रोते चाट पडले. त्यातला मालकंस लावा आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज कुठे कुठे येतो, तेवढंच टिपा. हा तुमचा पहिला धडा.

पहिला महिना : एक रुपयाही खर्च न करता

घरात चालू स्थितीतला संगणक असेल तर सुरुवात फुकट होते. ‘सर्ज एक्सटी’, ‘व्हायटल’ची मोफत आवृत्ती, ‘डेक्स्ड’ आणि ‘व्हीसीव्ही रॅक’ची मोफत आवृत्ती हे चारही सॉफ्टवेअर सिंथ उत्तम दर्जाचे आहेत. ‘डेक्स्ड’ म्हणजे यामाहाच्या १९८३ सालच्या गाजलेल्या डीएक्स-७ ची नक्कल. ‘व्हीसीव्ही रॅक’मध्ये पडद्यावर केबली जोडून मूगसारखं मॉड्युलर यंत्र उभारता येतं. चारही एकदम उतरवून घेऊ नका. आधी फक्त ‘सर्ज’ घ्या.

हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथवर कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जाणवण्याइतका वेळ जातो आणि वाजवण्याची गोडीच जाते. वायर लावूनही आवाज मागे पडत असेल तर सॉफ्टवेअरमधला ‘बफर’ बघा. ४८,००० च्या सॅम्पल रेटला ५१२ चा बफर म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंदांचा उशीर, १२८ चा म्हणजे ३ मिलिसेकंदांपेक्षाही कमी. बफर फार उतरवला आणि संगणक जुना असला तर आवाज तडतडतो, मग एक पायरी वर या.

महिनाभरानंतरही बसावंसं वाटत असेल तर यूएसबीवर चालणारा २५ किंवा ४९ कळांचा साधा मिडी की-बोर्ड घ्या. पूर्ण आकाराच्या कळा घ्या; बारक्या कळा दुकानात गोंडस दिसतात, पण सांधे धरलेल्या बोटांना त्या जाचतात.

यंत्र घ्यायचंच असेल तर

पहिल्या यंत्राची निवड एका कसोटीवर करा : एका कामाला एक नॉब आहे का? एखादा आवाज थोडा मऊ करायला तीन मेनूंत शिरावं लागत असेल, छोट्या पडद्यावरची अक्षरं वाचायला चष्मा बदलावा लागत असेल, तर ते यंत्र चार दिवसांत कपाटात जाईल. कॉर्गचा ‘मोनोलॉग’ किंवा चार स्वर एकत्र वाजवणारा ‘मिनीलॉग’ या कसोटीला उतरतात, मात्र दोन्हींच्या कळा बारीक आहेत. त्यांना बाहेरून मोठा की-बोर्ड जोडता येतो. हे शक्य झालं ते ‘मिडी’ या सामायिक भाषेमुळे. १९८३ मध्ये सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती ठरली, आणि आजही त्या काळातलं यंत्र आजच्या यंत्राशी बोलतं.

बोटं फारच आखडत असतील तर स्टेप सिक्वेन्सर असलेलं यंत्र घ्या. त्यात १६ घरांत एकेक स्वर सावकाश भरायचा आणि कळ दाबली की यंत्र ते लयीत वाजवतं. यात कमीपणा काहीच नाही. टीबी-३०३ ला पियानोसारख्या कळा होत्या त्या अशा स्वर भरण्यापुरत्याच.

जुनं यंत्र विकत घेताना तीन गोष्टी तपासा. एक, प्रत्येक नॉब फिरवताना खरखर येते का. दोन, प्रत्येक कळ वाजते का आणि सारख्याच जोराने वाजते का. तीन, वीज किती व्होल्टची. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महाग पडणारी आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. मुलाने अमेरिकेतून हौसेने आणलेलं किंवा जपानहून मागवलेलं जुनं यंत्र थेट भिंतीत लावलं तर क्षणात जळू शकतं. मागच्या पट्टीवर ‘१००–२४०’ असं छापलेलं असेल तर चिंता नाही. नसेल तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर घेतल्याशिवाय बटण दाबू नका. बाहेरचा अ‍ॅडॉप्टर असेल तर व्होल्टेजबरोबर पिनची धन-ऋण बाजूही पाहा. बऱ्याच वाद्यांत पिनच्या मध्यभागी ऋण असतं, घरातल्या इतर अ‍ॅडॉप्टरांत सहसा धन. दोन्हींवर छोटी आकृती छापलेली असते, ती जुळली पाहिजे.

ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांत तुमचे आवाज साठवून ठेवायला आत एक बॅटरी असते. ती संपली की साठवलेलं सगळं पुसलं जातं. बदलण्याआधी सगळे आवाज मिडीवरून संगणकात उतरवून घ्या. ती बॅटरी अनेकदा डाग देऊन जोडलेली असते, तेव्हा काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आवाजाचे चार टप्पे

पुस्तकं जाडजूड असतात, पण बहुतेक सिंथ या चार टप्प्यांवर चालतात. ऑसिलेटर कच्चा स्वर देतो : ‘सॉ’ लहर धारदार, चौकोनी लहर पोकळ, ‘साइन’ अगदी गुळगुळीत. फिल्टर त्यातला तीव्रपणा कापतो. ‘कटऑफ’ कुठून कापायचं ते ठरवतो आणि ‘रेझोनन्स’ त्या जागेवर भर देतो. एन्व्हलप आवाजाची चाल ठरवतो : किती झपकन उठायचं, किती खाली यायचं, कळ दाबलेली असताना कुठे थांबायचं, सोडल्यावर किती रेंगाळायचं. चौथा एलएफओ, म्हणजे कानाला स्वर म्हणून ऐकू न येणारी संथ लहर. ती वरच्या कशालाही हलवते.

पेटीचा आवाज कळ दाबली असेपर्यंत टिकतो, म्हणजे एन्व्हलपचा तिसरा आकडा पूर्ण. तंबोऱ्याची तार छेडली की लगेच उठते आणि मग फक्त ओसरत जाते, म्हणजे तिसरा आकडा शून्य आणि दुसरा लांब. हा एक फरक कानाने ओळखता आला की अर्धी विद्या झाली.

रियाज : तीन प्रयोग

पहिला प्रयोग, स्वयंभू गंधार शोधण्याचा. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, हे आपल्याकडच्या जाणकारांना ठाऊक आहे. सिंथवर तो हाताने बाहेर काढता येतो. एकच ऑसिलेटर, सॉ लहर, खर्जातला सा (पांढरी एक पट्टीत साधारण ६५ हर्ट्झ) धरून ठेवा. आधी आवाज कमी करा, मग रेझोनन्स बराच चढवा आणि कटऑफ पूर्ण बंद करून अगदी सावकाश वर न्या. एकेक स्वर क्रमाने उमटत जाईल : सा, वरचा सा, पंचम, पुन्हा सा आणि मग पाचव्या पायरीला, ३२७ हर्ट्झच्या आसपास, गंधार. आणखी वर गेलात की पुन्हा पंचम आणि त्यानंतर किंचित उतरलेला कोमल निषाद. हे सगळे स्वर त्या एका सा मध्ये आधीच होते. फिल्टरने फक्त एकेकाला पुढे आणलं. कटऑफला अगदी संथ एलएफओ जोडला आणि ऑसिलेटरला तंबोऱ्याचा एन्व्हलप दिला की जवारीच्या जवळ जाणारा आवाज मिळतो. हा प्रयोग मुद्दाम आधी करा, कारण बाकी सगळं शिक्षण यातून उलगडत जातं.

दुसरा प्रयोग सूर लावण्याचा. दोन ऑसिलेटर घ्या, दोन्ही सॉ. एक मध्य सा वर, दुसरा सात अर्धस्वर वर, म्हणजे पंचमावर. लक्ष देऊन ऐकलंत तर सेकंदाला साधारण एक हलका हेलकावा जाणवेल. यंत्राचा पंचम समान अंतराच्या सप्तकातला असल्यामुळे खऱ्या पंचमापेक्षा दोन ‘सेंट’ (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. फाइन ट्यून दोन सेंट चढवा, हेलकावा थांबतो आणि दोन्ही स्वर एकजीव होतात. आता दुसरा ऑसिलेटर गंधारावर आणा, चार अर्धस्वर वर. इथे हेलकावा नाही, चक्क थरथर आहे, सेकंदाला दहाच्या आसपास. गंधार चौदा सेंट उतरवा, थरथर विरते. पेटीच्या साथीबद्दल गवई का कुरकुर करतात, ते इथे कानाला कळतं.

तिसरा प्रयोग नकलेचा. देवघरातली घंटा फोनवर रेकॉर्ड करा आणि ‘डेक्स्ड’मध्ये तशी बनवायचा प्रयत्न करा. एका ऑपरेटरचं (‘डेक्स्ड’मधल्या ऑसिलेटरचं) गुणोत्तर १, त्याला हलवणाऱ्याचं १.४ ठेवा, धातूचा नाद लगेच येईल. ‘डेक्स्ड’ ज्या एफएम पद्धतीवर चालतो तिचे जनक जॉन चाउनिंग यांच्या घंटेतलं हेच प्रमाण आहे. मग खऱ्या घंटेशी ताडून पाहा : आघात किती तीक्ष्ण आहे, शेपूट किती लांब आहे, आधी विरतो तो वरचा नाद की खालचा. पुढे कुकरची शिट्टी, एसटीचा हॉर्न, पिठाची गिरणी, काय हवं ते घ्या. नक्कल हुबेहूब झाली नाही तरी बिघडत नाही. ताडून पाहताना कान घडतो.

राग वाजवायचे असतील तर

आधी आपली पट्टी लावा. काळी एकमध्ये गात असाल तर ‘ट्रान्सपोज’ एक अर्धस्वर वर, काळी दोन असेल तर तीन. मग बोटं पांढऱ्या एकवरून सुरुवात करू शकतात. ‘सर्ज’ आणि ‘मोनोलॉग’सारख्या काहींत प्रत्येक स्वर स्वतंत्र लावता येतो. सुरुवातीला शुद्ध स्वरांसाठी सा पासून धरून हे फरक द्या : रे चार सेंट चढा, ग चौदा उतरा, म दोन उतरा, प दोन चढा, ध सोळा उतरा, नी बारा उतरा. रागागणिक ध आणि रे बदलतील. शेवटचा निर्णय कानाचा.

मींडेसाठी यंत्र ‘मोनो’ आणि ‘लेगॅटो’वर ठेवा आणि ‘ग्लाइड’ थोडा वाढवा. मग एक कळ न सोडता दुसरी दाबली तरच स्वर घसरतो, सुटी कळ सुटीच वाजते. दरबारीच्या गंधाराचं आंदोलन मात्र एलएफओवर सोपवू नका. ते घड्याळासारखं एकसुरी येतं. पिच-बेंडच्या चाकावर अंगठा ठेवा आणि हातानेच द्या.

वीज, घरघर आणि पावसाळा

लॅपटॉप, यंत्र आणि स्पीकर एकत्र जोडले की बऱ्याच घरांत घरघर सुरू होते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घरघर थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा आहे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, शक्य तिथे बॅलन्स्ड केबल वापरा, तरीही नाही गेली तर डीआय बॉक्स किंवा यूएसबी आयसोलेटर लावा. घरघर जाते म्हणून कोणी अर्थिंगची जाड पिन काढून टाकायला सांगितली तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

कोकणात आणि मुंबईत जूनपासून दमट हवा नॉबच्या आत शिरते. यंत्र आठवड्यातून काही वेळा तासभर चालू ठेवा, बंद असताना सुती कापड झाका, पेटीत ठेवलं तर सिलिका जेलच्या पुड्या टाका. नॉब खरखरू लागला तर आधी बंद यंत्रावर तो पंचवीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. विजा चमकत असतील तेव्हा प्लग भिंतीतून काढलेला बरा.

कानांचा हिशेब

या छंदाचं भांडवल कान आहेत, आणि ते नवीन मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबलला मात्र जेमतेम ४ तास. रेझोनन्स चढवताना आवाज अचानक उसळतो, म्हणून हेडफोन घालण्याआधी आवाज शून्यावर आणायची सवय लावा. बाजूचा माणूस साध्या आवाजात बोलला आणि तुम्हाला ऐकू आलं नाही, तर आवाज जास्त आहे.

वयाबरोबर वरच्या कंप्रसंख्या आधी जातात. परिणामी आपण नकळत आवाज कर्कश बनवत जातो आणि तो आपल्याला छान वाटतो. उपाय सोपा आहे : ‘स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर’वर नजर ठेवा आणि तयार झालेला तुकडा नातवंडाला ऐकवा. त्याने कानावर हात ठेवला तर फिल्टर खाली आणा. श्रवणयंत्र वापरत असाल तर ते लावणाऱ्या तज्ज्ञाकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्या. बोलणं स्पष्ट करणारी सेटिंग सूर वेडेवाकडे करते.

घर, शेजार आणि पैसा

पुण्यातल्या दुपारी एक ते चार या वेळेबद्दल वेगळं सांगायला नको. ही वेळ हेडफोनची. स्पीकर लावलात तर लक्षात ठेवा की भिंतीपलीकडे जातो तो खर्ज. शेजाऱ्याला तुमचा यमन ऐकू येत नाही, फक्त धबधब ऐकू येते. टेबल कोपराच्या उंचीचं हवं, दिवा नॉबांवर पडेल असा हवा, आणि रोज लागणाऱ्या नॉबांवर रंगीत टिकल्या चिकटवा. अर्ध्या तासाने उठून एक फेरी मारा.

या छंदाला एक खोड असते. आवाज जमला नाही की नवीन यंत्र आलं तर जमेल, असं वाटू लागतं. निवृत्तिवेतनावर हे परवडत नाही, आणि नोकरीत असतानाही परवडू नये. घरात एक नियम करा : हातातल्या यंत्रावर काही तुकडे पूर्ण झाल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही, आणि दुसरं आलं की पहिल्याचा विचार करायचा, विकायचं की द्यायचं.

पूर्ण करणं म्हणजे रेकॉर्ड करून बाजूला ठेवणं. ‘ऑडॅसिटी’ फुकट आहे आणि पुरेशी आहे. सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील असं बघा, फाइलच्या नावात तारीख घाला, प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. यंत्रात आवाज साठवायची सोय नसेल तर फोनने नॉबांचा फोटो काढा. ऐकवायला जागा पुष्कळ आहेत : भजनी मंडळाला त्यांच्या पट्टीत लावलेली आस द्या, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या गावातल्या संस्थेला पार्श्वसंगीत द्या, ज्येष्ठ नागरिक संघात स्वयंभू गंधाराचा प्रयोग करून दाखवा. तो पाहायला गर्दी होते, हे करून पाहण्यासारखं आहे.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरच्या संगणकावर महिनाभर बसा आणि वरचे तीन प्रयोग कानात मुरू द्या. त्यानंतरही ओढ टिकली तर एकच यंत्र आणा, आणि निदान वर्षभर ते बदलू नका.